ट्रिक्सी मॅटेल

ट्रिक्सी मॅटेल : अमेरिकन गायिका, गीतकार, ऑटोहार्पवादक, विनोदी आणि ड्रॅग कलाकार (ड्रॅग म्हणजे भडक बायकी वेश करून स्टेजवर सादरीकरण करणं). मूळ नाव ब्रायन मायकल फर्कस, जन्म २३ ऑगस्ट १९८९, मिलवॉकी, विस्कॉन्सिन. विग चढला की ती ट्रिक्सी, उतरला की तो ब्रायन, म्हणून या नोंदीतही क्रियापदं तशीच बदलतात. 'रुपॉल्स ड्रॅग रेस' या टीव्ही स्पर्धेमुळे नाव जगभर झालं आणि बहुतेक लोक तिला तिथूनच ओळखतात, पण त्या नादात ती गाते काय आणि वाजवते काय हे मागे पडतं. ड्रॅगच्या स्टेजवर दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगवर लिपसिंक करायचा, म्हणजे नुसते ओठ हलवायचा, रिवाज जुना आणि पक्का आहे, तिथे स्वतः गाणी लिहून, वाद्य हातात घेऊन लाइव्ह गाणारी क्वीन, म्हणजे ड्रॅग कलाकार, फार क्वचित सापडते.

फर्कसचं बालपण उत्तर विस्कॉन्सिनमधल्या क्रिव्हिट्झ या छोट्या गावाजवळ गेलं. आईकडून तो ओजिब्वे या मूलनिवासी समाजाचा. गिटार घरातच आजोबांकडून शिकला, आणि आजोबांचं संगीत म्हणजे कंट्री, अमेरिकेतल्या ग्रामीण लोकसंगीतातून आलेला प्रकार, त्यामुळे पुढे ट्रिक्सीच्या गाण्यात जे कंट्री ऐकू येतं ते वेशभूषेसाठी उसनं घेतलेलं नाही, लहानपणापासून कानावर पडलेलं आहे. सावत्र वडील त्रास द्यायचे, पोरगा जरा बायकी वागला की त्याला 'ट्रिक्सी' म्हणून हिणवायचे, हे त्यानं स्वतः अनेकदा जाहीरपणे सांगितलंय. तीच शिवी पुढे त्यानं स्टेजचं नाव म्हणून घेतली आणि तिला बार्बी बनवणाऱ्या कंपनीचं नाव जोडलं. पंधराव्या वर्षी तो आजी-आजोबांकडे राहायला गेला. नंतर मिलवॉकीच्या विस्कॉन्सिन विद्यापीठात म्युझिकल थिएटर शिकला आणि त्याच शहरातल्या ओरिएंटल थिएटरमध्ये 'रॉकी हॉरर' या संगीतिकेच्या खेळात पहिल्यांदा ड्रॅगमध्ये उभा राहिला.

रूप सगळं साठच्या दशकातल्या बार्बीवरून घेतलेलं. पिवळाधमक फुगवलेला विग, गुलाबी फ्रॉक, आणि मेकअप असा की खऱ्या डोळ्याची खालची कड पूर्ण झाकून टाकायची, तिच्या बऱ्याच खाली, जवळजवळ गालावर, पापण्यांची नवी रेघ काढायची आणि मधला सगळा भाग पांढरा रंगवायचा, म्हणजे शेवटच्या रांगेतूनही डोळे बाहुलीसारखे टपोरे दिसतात. जवळून पाहिलं तर जरा भीतीच वाटते. असा चेहरा घेऊन ती हळू आवाजात एकटेपणाची, फसलेल्या नात्यांची गाणी म्हणते, आणि लोक आधी हसतात मग गप्प होतात. विनोद गाण्याच्या आधी आणि नंतर असतो, गाण्याच्या आत बहुतेक वेळा नसतो, हे तिचं कौतुक करणारेसुद्धा नीट सांगत नाहीत.

ऑटोहार्प. या वाद्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं कारण ट्रिक्सीवरच्या लिखाणात ते 'एक छोटं हार्प' म्हणून उडवून लावलं जातं. ते हार्प नाहीच, झिथरच्या कुळातलं आहे, म्हणजे आपल्या स्वरमंडळाचं लांबचं नातेवाईक. लाकडी पेटीवर साधारण ३६ किंवा ३७ तारा ताणलेल्या असतात. फरक असा की स्वरमंडळात रागाच्या सुरांना लावलेल्या सगळ्या तारा मोकळ्या वाजतात, आणि ऑटोहार्पवर तारांच्या वर आडव्या पट्ट्या असतात, १२, १५ किंवा हल्ली २१, प्रत्येक पट्टीच्या खाली फेल्टचे तुकडे. बटण दाबलं की कॉर्डमध्ये, म्हणजे एकत्र वाजवायच्या सुरांच्या गटात, नसलेल्या तारांवर फेल्ट बसतं आणि त्या मुक्या होतात. सी मेजरची पट्टी दाबली तर सी, ई आणि जी एवढ्याच सुरांच्या तारा सगळ्या सप्तकांत मोकळ्या राहतात, वरून हात फिरवला की कॉर्ड तयार. म्हणजे इथे सूर वाजवण्यापेक्षा नको ते सूर दाबण्याचं काम जास्त.

वाद्य कोणी काढलं यावर वाद आहे. जुन्या संदर्भग्रंथांत फिलाडेल्फियात राहणारा जर्मन स्थलांतरित चार्ल्स झिमरमान याचं नाव सरळ दिलेलं असतं, त्याचं अमेरिकन पेटंट १८८२ चं. पण त्या पेटंटमधल्या आकृतीत पट्ट्या आडव्या सरकतात, वरून दाबल्या जात नाहीत, आणि झिमरमानला वाद्यापेक्षा स्वतःच्या आकड्यांच्या स्वरलिपीत जास्त रस होता असं दिसतं. साधारण १८८५ पासून त्यानं प्रत्यक्षात जी वाद्यं विकली ती मात्र जर्मनीतल्या मार्कनॉयकिर्शेन या वाद्यनिर्मितीच्या गावातल्या कार्ल ऑगस्ट ग्युटर याच्या 'फोक्सझिथर'शी जुळतात, ज्याचं ब्रिटिश पेटंट १८८४ च्या आसपासचं धरतात. अलीकडचे अभ्यासक म्हणूनच ग्युटरकडे झुकतात. नाव झिमरमानचं आणि घडण ग्युटरची, असं मानलं तर दोन्ही बाजूंचा पुरावा जागेवर बसतो आणि तेच जास्त पटतं.

पुढचा प्रवास ट्रिक्सीच्या दृष्टीनं महत्त्वाचा. १९२७ मध्ये टेनेसीतल्या ब्रिस्टल इथे कार्टर फॅमिली या कंट्री गाणाऱ्या कुटुंबाची पहिली रेकॉर्डिंग झाली तेव्हा सारा कार्टर ऑटोहार्प वाजवत होती, त्या काळात वाद्य मांडीवर किंवा टेबलावर ठेवायचे. त्याच गटातल्या मेबेल कार्टरनं बहुधा पन्नाशीच्या दशकात ते उभं करून छातीशी धरायची पद्धत लोकप्रिय केली. तसं धरल्यावर वादक उभा राहू शकतो, माइकसमोर येऊ शकतो, प्रेक्षकांकडे बघत गाऊ शकतो. ट्रिक्सी नेमकी अशीच वाजवते. रॉकमध्येही वाद्य नवं नाही, १९६५ मध्ये लव्हिन स्पूनफुल या बँडच्या जॉन सबॅस्टियननं ते अँप्लिफायरला लावून वाजवलं होतं आणि इंग्लिश गायिका पीजे हार्वीनं २०११ चा आपला अल्बम बराचसा ऑटोहार्पवर रचला, तेव्हा कंट्री आणि इंडी रॉक (मोठ्या कंपन्यांबाहेर वाढलेला रॉक) यांना जोडणारा पूल आधीच तयार होता, ट्रिक्सी विग घालून त्यावरून गेली.

स्पर्धेतली कामगिरी थोडक्यात. ड्रॅग रेसच्या सातव्या सीझनमध्ये (२०१५) चौथ्याच भागात बाहेर, मग परत प्रवेश, शेवटी सहावी. त्याच सीझनमधल्या कात्यासोबत २०१६ पासून यूट्यूबवर गप्पांची मालिका सुरू झाली आणि खरी लोकप्रियता तिथून आली असं म्हणायला जागा आहे. २०१८ च्या ऑल स्टार्स या जुन्या स्पर्धकांच्या स्पर्धेच्या तिसऱ्या सीझनमध्ये पहिल्याच भागात तिनं ऑटोहार्प वाजवून गाणं म्हटलं, तो राउंड जिंकली नाही, पण शेवटी सीझन आणि एक लाख डॉलर जिंकले. या निकालावर अजून भांडणं होतात कारण अंतिम दोघी कोण हे बाहेर पडलेल्या स्पर्धकांच्या मतांनी ठरलं आणि त्यात जिची कामगिरी भक्कम होती ती शँजेला ही स्पर्धक राहून गेली. मत देणारे स्पर्धक होते, नियम कार्यक्रमाचा होता, ट्रिक्सीवर राग काढण्यात अर्थ नाही.

अल्बम. 'टू बर्ड्स' मे २०१७ मध्ये आला आणि 'वन स्टोन' मार्च २०१८ मध्ये, दोन्ही नावं जोडली की एका दगडात दोन पक्षी. दोन्हीत अकूस्टिक गिटार, ऑटोहार्प, साधे शब्द, लहान लहान गाणी. त्या काळातले दौरे, विजय आणि कात्याशी आलेला ताण 'मूव्हिंग पार्ट्स' या माहितीपटात (२०१९) दिसतो. फेब्रुवारी २०२० च्या 'बार्बरा'मध्ये गाण्यांचा बाज बदलला, अर्ध्या अल्बमवर साठच्या दशकातल्या बीच-पॉपची इलेक्ट्रिक गिटार आणि उरलेला जुना फोक. २०२१ मध्ये दुसऱ्यांच्या गाण्यांचा छोटा संग्रह काढला, त्यात कंट्री गायक ऑर्व्हिल पेकसोबतचं एक द्वंद्वगीत आहे आणि व्हायोलंट फेम्स या मिलवॉकीच्याच बँडचं गाणंही आहे. गावच्या बँडची ही निवड सहज झाली असेल असं वाटत नाही. मग जून २०२२ मध्ये 'द ब्लाँड अँड पिंक अल्बम्स' हा डबल अल्बम, गिटार पुढे, ड्रम जोरात, कोरस लगेच तोंडात बसणारे, म्हणजे सरळ पॉवर-पॉप (जोरकस गिटारचं पॉप) आणि इंडी रॉक.

हिला कुठल्या खणात ठेवायचं यावर तीन मतं दिसतात. एक, ही कंट्री-फोक गायिका, आणि सुरुवातीचे दोन अल्बम पाहता ते बरोबर आहे. दुसरं, हे सगळं 'ड्रॅग म्युझिक', म्हणजे टीव्हीवर नाव झालं की काढायचा माल. या मतात ऐकण्याचा आळस जास्त दिसतो, कारण ड्रॅग रेसनंतर निघणारी बरीचशी गाणी डान्स बीटवरची आणि स्वतःच्या नावाची जाहिरात करणारी असतात, ट्रिक्सीच्या गाण्यांत त्यातलं फारसं काही नाही. तिसरं, २०२० पासून ती इंडी रॉककडे सरकली आणि पात्र तेवढं कायम राहिलं. रेकॉर्डिंग ओळीनं ऐकली तर तिसरं मत जास्त टिकतं, फक्त ऑटोहार्प आणि कंट्रीची गोष्ट सांगायची पद्धत शेवटपर्यंत सुटत नाही हे धरून चालावं लागतं.

संगीताबाहेरचा पसारा मोठा आहे : २०१९ पासूनची कॉस्मेटिक्स कंपनी, कात्यासोबत लिहिलेली दोन पुस्तकं (२०२० आणि २०२२), पॉडकास्ट, कॅलिफोर्नियातल्या पाम स्प्रिंग्जमधलं गुलाबी मोटेल आणि त्यावरची टीव्ही मालिका (२०२२), आणि नंतर डीजे म्हणून डिस्कोचे दौरे. मिलवॉकीतला 'धिस इज इट' हा १९६८ पासूनचा गे बार, विस्कॉन्सिनमधल्या सगळ्यात जुन्यांपैकी एक, त्यात तिनं २०२१ मध्ये भागीदारी घेतली होती. तो बार २०२५ मध्ये बंद झाला.