फायर स्टेशन बांधायचंय, बजेट कमी आणि ऊन ४५ चं

खान्देशातल्या कुठल्याही नगरपालिकेत नवीन फायर स्टेशनचा विषय निघाला आणि कोणी ‘ग्रीन बिल्डिंग’ म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला, सोलर किती किलोवॅटचं टाकायचं? माझं म्हणणं, तो प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा. आधी प्लॉटवर पश्चिम कुठे आहे ते बघा, कारण जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि बिल्डिंगला खरा मार बसतो तो दिवसभर स्लॅबला आणि दुपारी तीननंतर पश्चिमेच्या भिंतीला.

जळगाव साधारण २१ अंश अक्षांशावर आहे. त्यामुळे जूनमध्ये दुपारी सूर्य जवळपास डोक्यावरच असतो आणि दक्षिणेच्या खिडकीला दोन फुटी छज्जा पुरतो, डिसेंबरात सूर्य ४५ अंशांपर्यंत खाली उतरतो तेव्हा तिथूनच थोडं ऊन आत येतं आणि बरंही वाटतं. पश्चिमेला मात्र छज्जा काही कामाचा नाही, संध्याकाळचं ऊन आडवं येतं आणि छज्ज्याखालून सरळ आत घुसतं. मग पश्चिमेला ठेवायचं काय, तर बंबाचं शेड, स्टोअर, जिना, संडास-बाथरूम, म्हणजे जिथे कोणी तासन्‌तास बसत नाही ते सगळं. कंट्रोल रूम आणि झोपायच्या खोल्या उत्तर-पूर्वेला. शेड आणि झोपायच्या खोलीत पक्की भिंत हवी, डिझेलचा धूर नाकात जायला नको. या अदलाबदलीला खर्च शून्य, फक्त नकाशा पास व्हायच्या आधी सुचली पाहिजे.

आता स्लॅब. सरकारी ऑफिस संध्याकाळी बंद होतं, फायर स्टेशन २४ तास चालू. काँक्रीट दिवसभर तापतं आणि नाईट ड्युटीवाले जरा आडवे झाले की वरून ऊब सोडायला लागतं. आपल्या धाब्याच्या घरांत हा त्रास कमी होता, लाकडावर मातीचा जाड थर, दुपारची धग खाली पोचायलाच इतका वेळ लागायचा की तोवर बाहेर वारं सुटलेलं असायचं आणि घरातली माणसं धाब्यावर झोपायला गेलेली. पण तो मातीचा थर इथे घालता येत नाही, कारण भूकंपाचा जोर इमारतीच्या वजनावर ठरतो आणि आयएस १८९३ या मानकात फायर स्टेशनसाठी साध्या घराच्या दीडपट जोर धरायला सांगितलाय, भूकंप झाल्यावर बाकी काही पडलं तरी ही बिल्डिंग उभी पाहिजे म्हणून. (स्टीलमध्ये काटछाट करून ‘ग्रीन’ला पैसे काढू म्हणणाऱ्याला मीटिंगमधून उठवा.) मग हलका उपाय म्हणजे पांढरा रंग. उघडं काँक्रीट उन्हाचा निम्म्याहून जास्त भाग पिऊन घेतं, पांढरा चुना त्यातला बराचसा परत पाठवतो. पावसात धुऊन जातो, दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये परत मारावा लागतो, हे कबूल, पण चुन्याला पैसे किती लागतात! विटांसाठी दीपनगरच्या थर्मल प्लांटची राख जवळच आहे, फ्लाय ॲशच्या विटा घ्या, भट्टीच्या विटेसारखं जळण लागत नाही.

खरी गंमत पंख्यांच्या हिशोबात आहे. जुना पंखा साधारण ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा पंखा) ३० च्या आसपास. फरक ४५ वॅटचा. घरी हे किरकोळ वाटतं, पण इथे समजा २० पंखे आहेत आणि ते रोज २० तास फिरतायत, तर रोजचे १८ युनिट वाचले. १ किलोवॅट सोलर दिवसाला साधारण ४ युनिट देतं, म्हणजे नुसते पंखे बदलून तुम्ही साडेचार किलोवॅटच्या सोलरएवढं काम केलं, आणि पैसे लागले त्याच्या कितीतरी कमी.

एवढं झालं की मग सोलर. दोन गोष्टी विक्रेता सहसा आपणहून सांगत नाही. एक, पॅनल तापलं की वीज कमी देतं, २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.४ टक्के, आणि मे महिन्यात पॅनल स्वतः ६५ अंशांपर्यंत तापतं, म्हणजे पंधरा-सोळा टक्के गेलेच. दोन, आणि ही जास्त महत्त्वाची, साधं ग्रिडला जोडलेलं सोलर लाइट गेली की आपोआप बंद पडतं, भर दुपारीसुद्धा! लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ती सोय असते. फायर स्टेशनला हे चालणार नाही, वादळात लाइट जाते आणि नेमके तेव्हाच फोन वाजतात. म्हणून हायब्रीड इन्व्हर्टर (लाइट गेली तरी सोलर आणि बॅटरीवर चालू राहणारा) आणि छोटी बॅटरी, फक्त वायरलेस, फोन, कंट्रोल रूमचे लाइट आणि शेडच्या दरवाजापुरती. अख्खी बिल्डिंग बॅटरीवर घ्यायला गेलात तर बजेट तिथेच संपलं.

एसी शक्यतो टाळा, आपली कोरडी हवा कूलरच्या फायद्याची आहे. बाहेर ४३ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर चांगला कूलर तीसच्या आसपासची हवा देतो, तेही एसीच्या कितीतरी कमी विजेत. पावसाळ्यात तो निरुपयोगी, तेव्हा पंख्यावर भागतं. अडचण एकच, कूलर पाणी पितो आणि नेमका पाण्याच्या टंचाईतच. म्हणून गच्चीचं पाणी सोडू नका. ३०० चौरस मीटर गच्चीवर वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरला आणि वीस टक्के वाया गेला तरी १ लाख ६८ हजार लिटर होतं, म्हणजे ४,५०० लिटरचे ३७ बंब. सगळं साठवायची टाकी परवडणार नाही, ५० हजार लिटरची बांधा, बाकीचं गाळून बोअरमध्ये सोडा. फक्त टाकीला बंबाचा सक्शन पाइप बसेल असं तोंड ठेवायला कॉन्ट्रॅक्टरला आधीच लिहून द्या, नंतर स्लॅब फोडत बसावं लागतं.