दोन शिक्षणसंस्था एकत्र येताना: पात्रता, परवानग्या आणि कागदपत्रे

तालुक्याच्या गावातली कितीतरी वरिष्ठ महाविद्यालये आज एकाच कात्रीत सापडली आहेत. प्रथम वर्षाच्या जागा भरत नाहीत, मंजूर पदे रिक्त आहेत आणि संस्था उभी करणारी पिढी आता थकली आहे. अशा वेळी शेजारच्या मोठ्या संस्थेशी बोलणी सुरू होतात. त्यात राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० चाही रेटा आहे: २०४० पर्यंत प्रत्येक उच्च शिक्षण संस्था बहुविद्याशाखीय व्हावी आणि तिची पटसंख्या तीन हजार किंवा त्याहून अधिक असावी, असे उद्दिष्ट त्यात दिले आहे. बोलणी लवकर जमतात, फाईल मात्र वर्षानुवर्षे अडकते. खालची माहिती महाराष्ट्रातल्या खासगी, धर्मादाय नोंदणी असलेल्या संस्थांसाठी आहे.

आधी ठरवा, बदलणार काय?

महाविद्यालयाला स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व नसते. जमीन, इमारत, बँक खाते, कर्मचाऱ्यांचे नेमणूकपत्र हे सगळे संस्थेच्या नावाने असते. त्यामुळे वाटा तीन होतात. पहिली, एक संस्था पूर्णपणे दुसरीत विलीन करणे. दुसरी, संस्था आपल्या जागी ठेवून फक्त एका महाविद्यालयाचे व्यवस्थापन दुसऱ्या संस्थेकडे सोपवणे. तिसरी, एकाच व्यवस्थापनाच्या महाविद्यालयांचे मिळून समूह विद्यापीठ करणे. तिन्हींचे अर्ज वेगळे, कचेऱ्या वेगळ्या. ठरावात "महाविद्यालय अमुक संस्थेत विलीन करावे" असे मोघम लिहिले, तर धर्मादाय कार्यालय आणि विद्यापीठ त्याचा आपापला अर्थ लावतात आणि तिथेच त्रुटी निघते.

संस्थांचे विलीनीकरण

आपल्याकडच्या बहुतेक शिक्षणसंस्थांची नोंदणी दुहेरी असते: संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली. म्हणून दोन्ही कायदे पाळावे लागतात.

१८६० च्या कायद्याचे कलम १२ सभेबद्दल काटेकोर आहे. प्रस्तावाचा लेखी अहवाल प्रत्येक सभासदाला विशेष सभेच्या किमान दहा दिवस आधी मिळाला किंवा टपालाने रवाना झाला पाहिजे. पहिल्या सभेत एकूण सभासदांच्या तीन पंचमांश मतांनी प्रस्ताव मंजूर व्हावा लागतो. त्यानंतर एक महिन्याच्या अंतराने दुसरी विशेष सभा घ्यायची आणि तिथे उपस्थितांपैकी तीन पंचमांश मतांनी तो कायम करायचा. उदाहरणार्थ, सभासद १५० असतील तर पहिल्या सभेत किमान ९० मते हवीत. सभेला चाळीस जण आले आणि सर्वांनी हात वर केले, तरी तो ठराव टिकत नाही. मयत सभासदांची नावे यादीतून कमी केलेली नसतील तर आकडा आणखी अवघड होतो, म्हणून सभासद नोंदवही आधी अद्ययावत करून घ्या. सूचनेची पोच, टपालाच्या पावत्या आणि हजेरीच्या सह्या जपून ठेवा. पुढे कोणी हरकत घेतली, तर पहिली मागणी याच कागदांची होते.

सभासदांच्या ठरावावर काम संपत नाही. १९५० च्या कायद्याच्या कलम ५०अ खाली दोन किंवा अधिक न्यासांची (म्हणजे सार्वजनिक विश्वस्त संस्थांची) एकत्रित योजना मंजूर करण्याचा अधिकार धर्मादाय आयुक्तांना आहे. विश्वस्तांचे म्हणणे ऐकूनच ते आदेश देतात. दोन्ही संस्थांचे उद्देश जुळतात का, कर्जे कोण फेडणार, देणगीदाराने एखाद्या विशिष्ट कामासाठी दिलेला निधी त्याच कामासाठी राहणार का, हे प्रश्न तिथे येतात. त्यांची उत्तरे योजनेच्या मसुद्यातच असू द्या.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. बोलणी सुरू करण्याआधी दोन्ही संस्थांचा पीटीआर उतारा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या सार्वजनिक न्यास नोंदवहीची (अनुसूची एकची) प्रमाणित नक्कल, काढा. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत कलम २२ खाली बदल अर्ज द्यावा लागतो. कित्येक संस्थांचे हे अर्ज वर्षानुवर्षे प्रलंबित असतात. उताऱ्यावर दिवंगत अध्यक्षांचे नाव आणि ठरावावर आजच्या अध्यक्षांची सही, असा प्रकार झाला की सही करण्याचा अधिकार तुम्हाला दिला कोणी, असा प्रश्न उभा राहतो. आधी बदल अर्ज निकाली काढा, विलीनीकरणाचा विषय त्यानंतरच घ्या.

फक्त व्यवस्थापन बदलायचे असेल तर

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ प्रमाणे विद्यापीठाच्या पूर्वपरवानगीशिवाय संलग्न महाविद्यालयाचे व्यवस्थापन हस्तांतरित करता येत नाही. देणारी आणि घेणारी अशा दोन्ही संस्थांनी ठराव करायचे. घेणाऱ्या संस्थेची आर्थिक ताकद आणि शैक्षणिक अनुभव दिसेल असे कागद जोडायचे. प्रस्तावासोबत साधारणपणे हे लागते:

- दोन्ही संस्थांची नोंदणी प्रमाणपत्रे, घटना व नियमावली, पीटीआर उतारे
- सभेची सूचना, इतिवृत्त आणि ठरावाच्या साक्षांकित प्रती
- गेल्या काही वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, देणी आणि कर्जांचा तपशील
- सातबारा किंवा मिळकत पत्रिका, इमारतीचा मंजूर नकाशा
- शासन मान्यता आणि विद्यापीठ संलग्नीकरणाची पत्रे
- कर्मचाऱ्यांची सेवाज्येष्ठता यादी, मंजूर पदे आणि तपासलेली बिंदुनामावली (आरक्षणानुसार पदांची नोंद)
- दोन्ही संस्थांमधला करारनामा आणि दायित्व स्वीकारल्याचे प्रतिज्ञापत्र

अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र, विधी किंवा बी.एड.चे महाविद्यालय असेल तर त्या त्या शिखर परिषदेची मंजुरीही लागते. त्यांचे नियम आणि वेळापत्रक दरवर्षी बदलत असल्याने चालू वर्षाची पुस्तिका पाहूनच अर्ज भरा.

दोन महाविद्यालयांचे एक करून त्यातले एक बंद करायचे असेल, तर हस्तांतरणाचा अर्ज पुरत नाही. महाविद्यालय बंद करायला राज्य शासनाची पूर्वपरवानगी लागते. जमीन, इमारत, उपकरणे यांची मूळ किंमत आणि आजचा बाजारभाव, विद्यापीठ अनुदान आयोग व शासनाकडून आजवर मिळालेले अनुदान, असे सगळे विवरण द्यावे लागते. मदत देऊन किंवा दुसऱ्या व्यवस्थापनाकडे सोपवून ते चालू ठेवता येईल का, हे विद्यापीठ तपासते. ही तरतूद मला फार मोलाची वाटते. लोकवर्गणीतून उभे राहिलेले महाविद्यालय केवळ कार्यकारिणीच्या मनात आले म्हणून बंद पडू नये.

जमीन

न्यासाची स्थावर मिळकत विकायची, बक्षीस द्यायची, अदलाबदल करायची किंवा दीर्घ मुदतीने भाड्याने द्यायची, तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी हवी. इमारतीच्या बाबतीत तीन वर्षांहून अधिक मुदतीचा भाडेपट्टाही यात येतो. जमीन शासनाने दिलेली, भोगवटादार वर्ग दोनची (हस्तांतरणावर शासनाचे निर्बंध असलेली) असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांकडे वेगळा अर्ज करावा लागतो. सातबाऱ्यावर संस्थेऐवजी जुन्या सचिवांचे व्यक्तिगत नाव असेल, तर आधी तलाठ्याकडे फेरफार करून घ्या. वारसांशी बोलणी जितकी लांबतात तितकी अवघड होतात.

प्राध्यापक आणि शिक्षकेतर कर्मचारी

माझ्या मते करारनाम्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच, आणि नेमका तोच दोन ओळींत गुंडाळला जातो. "सर्व कर्मचारी सामावून घेतले जातील" एवढे पुरेसे नाही. सेवेचे सातत्य, वेतननिश्चिती, शिल्लक रजा, भविष्य निर्वाह निधी किंवा निवृत्तिवेतनाचे खाते आणि ज्येष्ठतेतले स्थान, हे नावानिशी जोडपत्रात आले पाहिजे. अनुदानित पदांसाठी विभागीय उच्च शिक्षण सहसंचालकांकडे प्रस्ताव जातो. तिथे मान्यता मिळून सेवार्थ या शासनाच्या वेतन प्रणालीत नोंद बदलेपर्यंत पगार अडकू शकतो. विनाअनुदानित कर्मचाऱ्यांना तर शासनाकडून पगार मिळण्याचे संरक्षणही नसते. त्यांचे थकीत वेतन कोण देणार, हे करारात तारखेसह लिहून घ्या.

समूह विद्यापीठ

मुंबईत डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ २०१९ मध्ये झाले. इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, एल्फिन्स्टन, सिडनहॅम आणि सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज ही त्याची घटक महाविद्यालये. पुढे २०२० मध्ये के. सी., एच. आर. आणि बॉम्बे टीचर्स ट्रेनिंग कॉलेज मिळून एचएसएनसी विद्यापीठ, तर २०२१ मध्ये साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेच्या तीन महाविद्यालयांचे कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झाले. राज्य मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे मंजूर केली. त्यानुसार एकाच व्यवस्थापनाची किमान दोन आणि कमाल पाच महाविद्यालये लागतात. प्रमुख महाविद्यालय किमान वीस वर्षे जुने असावे, त्यात दोन हजार आणि समूहात मिळून चार हजार विद्यार्थी असावेत. जागा, बांधकाम आणि नॅक (महाविद्यालयांचा दर्जा तपासणारी राष्ट्रीय परिषद) मूल्यांकनाच्या अटी वेगळ्या आहेत. दोन वेगळ्या संस्थांना एकत्र येऊन हा मार्ग धरायचा असेल, तर आधी व्यवस्थापन एक करावे लागेल.

विद्यार्थ्यांनी काय विचारावे

फक्त व्यवस्थापन बदलले तर विद्यापीठ तेच राहते, त्यामुळे पदवीही त्याच विद्यापीठाची मिळते. समूह विद्यापीठ झाले तर आधी प्रवेश घेतलेल्यांची परीक्षा आणि पदवी कोणत्या विद्यापीठाची, हे प्राचार्यांकडून लेखी घ्या. एटीकेटी असलेल्यांनी तर नक्कीच.

विलीनीकरणाचा आदेश संस्थेच्या हातात आल्यावर पुन्हा ९० दिवसांच्या आत बदल अर्ज द्यायचा असतो. त्याच काळात पॅन, बँक खाती, शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरची नोंद, उच्च शिक्षण सर्वेक्षणाचा संकेतांक, नॅक आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीतले नाव बदलून घ्या. यांत शिष्यवृत्तीची नोंद सर्वांत आधी करा, कारण ती राहिली तर पैसे मुलांचे अडकतात.