सर्वोच्च न्यायालयातील अपील : दाखल्यापासून विशेष अनुमतीपर्यंत

उच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अपील करण्याचा सरसकट हक्क राज्यघटनेने कोणालाही दिलेला नाही. कलम १३२ ते १३४ मध्ये ठराविक प्रकारच्या अपिलांची तरतूद आहे आणि कलम १३६ मध्ये न्यायालयाला स्वतःच्या विवेकाने अपिलाची परवानगी, म्हणजेच विशेष अनुमती, देण्याचा अधिकार आहे. आज प्रत्यक्षात बहुतेक पक्षकार या दुसऱ्या वाटेनेच दिल्लीला पोहोचतात. अपवाद म्हणून ठेवलेली वाट राजमार्ग कशी झाली, हे समजण्यासाठी प्रिव्ही कौन्सिलपर्यंत मागे जावे लागते.

इंग्रजी अमलात हिंदुस्थानातील शेवटचे अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जाई. दिवाणी दाव्यात त्यासाठी रकमेची अट होती. १८३८ च्या आदेशाने ती १०,००० रुपये ठरली आणि पुढे १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतही तीच राहिली. फौजदारी खटल्यांत मात्र कौन्सिल सहसा हात घालत नसे. न्यायप्रक्रियेची उघड पायमल्ली होऊन गंभीर अन्याय झाला असेल तरच आपण लक्ष घालू, अशी भूमिका तिने १८८७ मध्ये डिलेट प्रकरणात घेतली होती. या दोन्ही गोष्टी लोकमान्य टिळकांच्या वाट्याला आल्या. १८९७ च्या राजद्रोह खटल्यात त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली, तेव्हा पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झालेले ॲस्क्विथ यांनी त्यांची बाजू मांडूनही कौन्सिलने अपिलाची परवानगी नाकारली. ताईमहाराज प्रकरणातील दत्तकाच्या दाव्यात मात्र मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेल्यावर त्याच कौन्सिलने १९१५ मध्ये टिळकांच्या बाजूने कौल दिला. मालमत्तेच्या वादाला लंडनचे दार उघडे आणि तुरुंगवासाच्या शिक्षेला जवळजवळ बंद, असा तो काळ होता.

१९३५ च्या कायद्याने स्थापन झालेले फेडरल कोर्ट १९३७ मध्ये सुरू झाले. पण त्या कायद्याच्या अर्थाचा प्रश्न असल्याचा दाखला उच्च न्यायालयाने दिला, तरच त्याच्याकडे अपील जाई. स्वातंत्र्यानंतर त्याचे दिवाणी अधिकार वाढवण्यात आले, ऑक्टोबर १९४९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलचा संबंध संपला आणि २६ जानेवारी १९५० पासून ही सारी जबाबदारी सर्वोच्च न्यायालयावर आली.

घटनाकारांनी जुनी चौकट बरीचशी तशीच ठेवली. दिवाणी अपिलासाठी कलम १३३ मध्ये २०,००० रुपयांची अट आली. फौजदारी अपिलांवर संविधान सभेत बराच खल झाला. फाशीच्या प्रत्येक शिक्षेविरुद्ध अपिलाचा हक्क असावा, असे काही सदस्यांचे म्हणणे होते. तेवढे मान्य झाले नाही. उच्च न्यायालयाने निर्दोष सुटका रद्द करून फाशी दिली असेल, किंवा खालच्या न्यायालयातून खटला स्वतःकडे घेऊन फाशी दिली असेल, तरच कलम १३४ नुसार दाखल्याविना अपील करता येते. जन्मठेप किंवा दहा वर्षांहून कमी नसलेल्या शिक्षेपर्यंत हा हक्क वाढायला १९७० चा कायदा यावा लागला.

रकमेची अट फार काळ टिकण्यासारखी नव्हतीच. दावा मोठ्या रकमेचा असला म्हणजे त्यात कायद्याचा मोठा प्रश्न असतोच असे नाही, आणि लहान रकमेच्या दाव्यातील प्रश्न हजारो भाडेकरूंशी किंवा कुळांशी निगडित असू शकतो. विधि आयोगाच्या शिफारशीनंतर ३० व्या घटनादुरुस्तीने २७ फेब्रुवारी १९७३ पासून ही अट काढली. प्रकरणात सार्वत्रिक महत्त्वाचा कायद्याचा भरीव प्रश्न आहे आणि तो सर्वोच्च न्यायालयानेच सोडवणे आवश्यक आहे, असा उच्च न्यायालयाचा दाखला आता लागतो. ४४ व्या दुरुस्तीने आलेल्या कलम १३४-अ नुसार असा दाखला मागायचा, तर निकाल जाहीर होताच तिथल्या तिथे तोंडी मागावा लागतो. उच्च न्यायालये असे दाखले जपूनच देतात.

दाखला मिळाला नाही, तरी कलम १३६ उरतेच. सशस्त्र दलांविषयीच्या कायद्याखालील न्यायाधिकरणे वगळली, तर या कलमात विषयाची, रकमेची वा शिक्षेची कोणतीच मर्यादा नाही; उच्च न्यायालयाला वळसा घालूनही थेट येता येते. म्हणून मर्यादा न्यायालयाने स्वतःवरच घालून घेतली. १९५० मध्येच प्रीतम सिंग प्रकरणात न्यायमूर्ती फझल अली यांनी हा अधिकार क्वचित आणि अपवादात्मक परिस्थितीतच वापरावा, असे स्पष्ट केले. हे तत्त्व पुढे वारंवार उद्धृत झाले. ते तितक्याच कटाक्षाने पाळले गेले, असे म्हणणे धाडसाचे होईल. जामीन, भाडे, नोकरीतील बढती असले वादही विशेष अनुमती याचिकांतून येत राहिले. कोणत्या प्रकरणांत अनुमती द्यावी याचे निकष ठरवावेत, असा प्रश्न २०१० मध्ये मथाई विरुद्ध जॉर्ज या प्रकरणात द्विसदस्यीय पीठाने उपस्थित केला. पण विवेकाधिकाराला असे कुंपण घालण्यास घटनापीठाने २०१६ मध्ये नकार दिला. अपिलांसाठी मुंबईसह चार शहरांत स्वतंत्र पीठे असावीत आणि दिल्लीत घटनात्मक प्रश्न चालावेत, ही विधि आयोगाची २००९ ची सूचनाही कागदावरच राहिली.

संसदेने घातलेली बंदीसुद्धा या कलमापुढे किती टिकते, हे पाणीतंट्यांवरून दिसते. कलम २६२ च्या आधारे १९५६ च्या आंतरराज्य नदी जलविवाद कायद्याने असे तंटे सर्वोच्च न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवले आणि २००२ च्या दुरुस्तीने लवादाच्या निवाड्याला थेट सर्वोच्च न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ दिले. तरीही महाराष्ट्र पक्षकार असलेल्या दुसऱ्या कृष्णा लवादाच्या निर्णयाची राजपत्रातील प्रसिद्धी २०११ मध्ये अशाच एका याचिकेवर थांबवली गेली. डिसेंबर २०१६ मध्ये कावेरी प्रकरणात न्यायालयाने कारण दिले: बंदी मूळ तंट्यापुरती आहे, लवादाच्या निवाड्याविरुद्धच्या अपिलाला ती लागू होत नाही. त्याच अपिलांत फेब्रुवारी २०१८ मध्ये कर्नाटकाचा वाटा १४.७५ टीएमसीने वाढवण्यात आला.