शाळेपुढची वेगमर्यादा: गोव्यात फलकासाठी अर्ज कसा करायचा आणि तालांव कसा लागतो

शाळेजवळ गाडी भरधाव नेणाऱ्याला जास्तीचा दंड बसतो, अशी बऱ्याच पालकांची समजूत असते. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये तसा वेगळा दर नाही. वेगमर्यादा ओलांडली की कलम १८३ लागते, मग ती शाळेच्या फाटकापुढे ओलांडलेली असो किंवा ओसाड माळावर. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या कलमात हलक्या वाहनासाठी १,००० ते २,००० रुपये, तर मध्यम व जड प्रवासी किंवा मालवाहू वाहनासाठी २,००० ते ४,००० रुपये दंड आहे. गोव्यात वाढीव दंड १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले. हाच गुन्हा पुन्हा केला तर परवानाही जप्त होतो.

पण मर्यादा मोडली असे म्हणायला आधी ती ठरलेली असावी लागते, आणि आपल्याकडच्या शाळांचे घोडे इथेच अडते. केंद्राने एप्रिल २०१८ मध्ये ठरवलेली कमाल मर्यादा पालिका हद्दीत मोटारीला ताशी ७० किलोमीटर आणि दुचाकीला ६० आहे. स्थानिक अधिसूचनेने ती खाली आणलेली नसेल, तर शाळेसमोरून साठने गेलेल्या मोटारीवर वेगाचा तालांव (दंडाचे चलन) टिकणार नाही. साठच्या वेगात गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे जाते, पंचवीसच्या वेगात ७. सुटीची घंटा झाल्यावर धावत बाहेर पडणाऱ्या पोराच्या दृष्टीने या दोन आकड्यांत किती अंतर आहे, ते पालकांना सांगायला नको. कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवल्याचा गुन्हा तरीही नोंदवता येतो. त्यात पहिल्या खेपेला सहा महिने ते एक वर्ष कैद, १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही आहे. मात्र तिथे धोका सिद्ध करावा लागतो. म्हणून माझे सांगणे एवढेच की दंडाची मागणी करण्याआधी मर्यादेची करा, तीही लेखी.

कलम ११२(२) प्रमाणे कमी मर्यादा लागू करायला दोन गोष्टी लागतात: राजपत्रात अधिसूचना आणि रस्त्यावर कलम ११६ खालचा फलक. एक महिन्यापुरता तात्पुरता निर्बंध असेल तरच अधिसूचनेशिवाय भागते. गोव्यात अशा अधिसूचना जिल्हादंडाधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी काढतात. बार्देश, डिचोली, सत्तरी, पेडणेवाल्यांनी अर्ज पणजीला उत्तर गोव्याच्या कार्यालयात द्यायचा, सासष्टीकरांनी मडगावला, तर सांगे, काणकोणकरांनी नव्या कुशावती जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे.

अर्ज कोणी करावा यावर बंधन नाही, एकटा पालकही करू शकतो. तरीपण मुख्याध्यापक आणि पालक-शिक्षक संघ यांच्या सह्यांनी, शाळेच्या लेटरहेडवर गेलेला अर्ज नजरेआड करणे कठीण असते. सोबत पालक-शिक्षक संघाचा ठराव आणि पंचायतीचा किंवा पालिकेचा ठराव जोडा. ग्रामसभेत विषय मांडून ठराव घेतला तर उत्तमच, कारण पंचायत मंडळाला मग त्याचा पाठपुरावा करावा लागतो. रस्त्याचा हाताने काढलेला नकाशा हवा. फाटक, वळण, बसथांबा आणि फलक कुठे हवा ती जागा त्यात अंतरासह दाखवा. शाळा भरायच्या व सुटायच्या वेळा, विद्यार्थ्यांची संख्या, दोन्ही दिशांनी घेतलेले फोटो द्या. आधी अपघात झाला असेल तर पोलिस ठाण्यातील नोंदीचा क्रमांक सर्वांत वजनदार ठरतो. अर्जात ‘योग्य ती कारवाई व्हावी’ असे मोघम लिहू नका. किती वेगमर्यादा हवी, कुठून कुठपर्यंत हवी, हे आकड्यांत लिहा.

शाळेभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र ठरवण्याची तरतूद ध्वनिप्रदूषण नियम, २००० मध्ये आहे, तेव्हा हॉर्नबंदीचा फलकही त्याच अर्जात मागा. बंदीच्या जागी हॉर्न वाजवल्यास कलम १९४फ खाली पहिल्यांदा १,००० आणि नंतर २,००० रुपये दंड आहे.

अर्जाची एक प्रत वाहतूक पोलिस विभागाला आणि एक साबांखाच्या (सार्वजनिक बांधकाम खात्याच्या) रस्ते विभागाला द्या, तिन्ही ठिकाणी पोचशिक्का घ्या. जागेची पाहणी या दोघांकडून होते आणि फलक शेवटी साबांखाच उभारते. प्रकरण रेंगाळले तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीपुढे विषय ठेवायची विनंती करा. पोलिस, वाहतूक खाते, साबांखा तिथे एकत्र बसतात.

गतिरोधकाची मागणी वेगळी लिहावी. राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधक घालायचे नाहीत असे केंद्राचे धोरण आहे, त्यामुळे तिथे रंबलर्स (रस्त्यावरच्या कमी उंचीच्या आडव्या पट्ट्या) आणि इशारा फलकच मागा. गावच्या रस्त्यावर रातोरात घातलेला उंचवटा दुचाकीवाल्याच्या जिवावर उठतो. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकात गोल गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, तोच मागा.

तुमच्या शाळेपुढे फलक आधीपासून असेल, तर त्यामागे अधिसूचना आहे का, हेही तपासून घ्या. राजपत्राचे जुने अंक सरकारी मुद्रणालयाच्या संकेतस्थळावर मिळतात. तिथे सापडले नाही तर माहिती हक्काखाली १० रुपये शुल्क भरून जिल्हाधिकारी कार्यालयातल्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करा. उत्तर ३० दिवसांत यायला हवे.

एकदा मर्यादा लागू झाली की पोलिसांना कारवाईसाठी पाया मिळतो. तरीही ‘मला वेग जास्त वाटला’ एवढ्या एका साक्षीवर शिक्षा होत नाही. कलम १८३(३) प्रमाणे तो अंदाज यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणावर आधारलेला असावा लागतो. म्हणून शाळेच्या वेळेत इंटरसेप्टर (वेग मोजणारी पोलिस गाडी) किंवा स्पीड गन ठेवण्याची विनंती वाहतूक विभागाला वेगळ्या पत्राने करावी.

परवाना जप्त झाला तर पोलिस पोच देतात, ती तात्पुरती चालते. परवाना वाहतूक खात्याकडे जातो, चालकाला म्हणणे मांडायची संधी मिळते, आणि कलम १९ खाली पहिल्या खेपेला तीन महिन्यांची अपात्रता येऊ शकते, पुढच्या खेपेला परवानाच रद्द. निलंबनानंतर उजळणी प्रशिक्षणही घ्यावे लागते.

उच्च माध्यमिकच्या दारात स्कूटर घेऊन येणाऱ्या मुलांच्या पालकांनी पुढचे नीट वाचावे. सोळा वर्षे पूर्ण झालेल्याला फक्त ५० सीसीपर्यंतच्या, गियर नसलेल्या दुचाकीचा परवाना मिळतो, आणि आपल्याकडे धावणाऱ्या बहुतेक स्कूटर त्याहून मोठ्या आहेत. अल्पवयीनाने गुन्हा केला तर कलम १९९अ खाली पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही.

कॅमेऱ्यातून तालांव आला तर तो गाडीच्या मालकाच्या नावावर येतो. गाडी भाड्याने देणाऱ्यांनी म्हणूनच ग्राहकाच्या परवान्याची प्रत आणि वेळेची नोंद जपून ठेवावी, कारण चालक कोण होता हे पोलिसांनी विचारल्यास सांगणे कलम १३३ प्रमाणे मालकाचे कर्तव्य आहे. केंद्रीय नियम १६७अ प्रमाणे अशा तालांवात नंबरप्लेटसह फोटो, उपकरणाने मोजलेला वेग, तारीख, वेळ, ठिकाण आणि मोडलेले कलम असायला हवे, आणि उपकरणाला दरवर्षी नूतनीकरण होणारे प्रमाणपत्र लागते. यातले काही कमी असेल किंवा नंबर दुसऱ्याच गाडीचा असेल, तर पैसे भरण्याआधी आरसी व फोटोसह वाहतूक विभागाकडे लेखी हरकत नोंदवा. तिथे न्याय मिळाला नाही तर प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे नेता येते. चूक मान्य असेल तर ई-चलनच्या पोर्टलवर गाडीचा क्रमांक घालून दंड भरा आणि पावती जपून ठेवा.