ब्रॉडवे (न्यूयॉर्कचा नाट्यपरिसर)

ब्रॉडवे हे मुळात एका रस्त्याचे नाव. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटाच्या दक्षिण टोकाला सुरू होऊन तो उत्तरेकडे थेट बेटापलीकडे जातो. पण नाटकवाल्यांच्या तोंडी ब्रॉडवे म्हणजे टाइम्स स्क्वेअरभोवतीचा नाट्यपरिसर: साधारण ४१ व्या ते ५४ व्या रस्त्यापर्यंतचा आणि सहाव्या ते आठव्या अ‍ॅव्हेन्यूच्या (दक्षिणोत्तर हमरस्त्यांच्या) मधला भाग. ब्रॉडवेची म्हणून ४१ नाट्यगृहे मोजली जातात. त्यांतली मोजकीच खुद्द ब्रॉडवे रस्त्याला लागून आहेत, बाकीची आडव्या गल्ल्यांत. व्हिव्हियन बोमाँ हे नाट्यगृह तर बरेच वर, ६५ व्या रस्त्यावर लिंकन सेंटर या कलासंकुलात आहे. तरी तेही ब्रॉडवेच. कारण हा मान मुख्यतः खुर्च्यांच्या संख्येवर मिळतो. ५०० किंवा त्याहून जास्त आसने असली तर ब्रॉडवे, १०० ते ४९९ असली तर ऑफ-ब्रॉडवे, आणि त्याखाली ऑफ-ऑफ-ब्रॉडवे.

रस्ता शहराहून जुना आहे. डच येण्याआधी मूळ रहिवाशांची ती पायवाट होती. १८११ साली मॅनहॅटनवर काटकोनी रस्त्यांची जाळी आखली गेली, पण ही वाट तिरकी ती तिरकीच राहिली. ती जिथे जिथे एखाद्या अ‍ॅव्हेन्यूला छेदते तिथे मोकळा चौक तयार होतो: युनियन स्क्वेअर, मॅडिसन स्क्वेअर, हेरल्ड स्क्वेअर, टाइम्स स्क्वेअर. एकोणिसाव्या शतकात शहर उत्तरेकडे सरकले तसा नाटकधंदाही याच चौकांमधून वर सरकत गेला.

अमेरिकन संगीतिकेची सुरुवात बहुतेक जण १८६६ च्या ‘द ब्लॅक क्रूक’पासून धरतात. हा प्रयोग निब्लोज गार्डनमध्ये, म्हणजे आजच्या नाट्यपरिसराच्या कितीतरी दक्षिणेला झाला. हकिगत अशी सांगतात की एका बॅले मंडळीचे ठरलेले नाट्यगृह जळाले, आणि रिकाम्या बसलेल्या नर्तिका एका भडक मेलोड्रामात घुसवल्या गेल्या. खेळ साडेपाच तास चाले, तरी त्याचे ४७४ प्रयोग झाले. पहिलेपणाचा मान त्याला द्यावा की नाही यावर अभ्यासक अजून वाद घालतात. नाच, गाणी आणि नेपथ्याचा थाट एकत्र आणला की तिकिटे खपतात, हे मात्र निर्मात्यांना तेव्हाच कळले.

आजचा टाइम्स स्क्वेअर तेव्हा लाँगएकर स्क्वेअर होता, घोडागाड्या बनवणाऱ्यांचा आणि तबेल्यांचा. सिगार वळण्याच्या यंत्रांच्या पेटंटांवर पैसा कमावलेल्या ऑस्कर हॅमरस्टाइनने १८९५ मध्ये तिथे ऑलिंपिया हे अवाढव्य नाट्यसंकुल उभारले आणि काही वर्षांतच त्याचे दिवाळे निघाले. माणूस फक्त थोडा लवकर आला होता. १९०४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स या चौकात आला, चौकाला त्याचे नाव मिळाले आणि त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला भुयारी रेल्वे सुरू झाली. माझ्या मते ब्रॉडवेची खरी जन्मतारीख हीच. विजेच्या जाहिरातींच्या झगमगाटावरून ‘ग्रेट व्हाइट वे’ हे टोपणनाव पडले खरे, पण दिव्यांखाली गर्दी आणून सोडली ती रेल्वेने, आणि प्रयोग संपल्यावर घरीही तिनेच नेले.

इथली नाट्यगृहे आतून अशी का, याचे उत्तर जमिनीच्या मापात आहे. शहराच्या आखणीत भूखंडाची खोली साधारण १०० फूट. तेवढ्यात रंगमंच, विंगा, प्रेक्षागृह सगळे बसवायचे. म्हणून अनेक प्रेक्षागृहे खोल न होता रुंद झाली, खुर्च्या एकीवर एक चढलेल्या बाल्कन्यांत गेल्या, आणि बाहेरचा दिवाणखाना जवळपास नाहीसाच झाला. गुडघे पुढच्या खुर्चीला टेकतात, मध्यंतरात स्वच्छतागृहाची रांग जिना चढून जाते. पण याच दाटीमुळे बाल्कनीतूनही नटाचा चेहरा फारसा दूर वाटत नाही. लॉबी नाही म्हणून प्रेक्षक फुटपाथवर थांबतात, आणि रस्ताच सगळ्या नाट्यगृहांचा सामाईक दिवाणखाना होतो.

मालकीतही अशीच दाटी. नाट्यगृहांचे मालक शुबर्ट बंधू यांनी सिंडिकेट नावाच्या नाट्यव्यवसायातल्या जुन्या मक्तेदारीशी झुंज दिली आणि मग स्वतःच मक्तेदार झाले. शुबर्ट संस्थेकडे आजही १७ ब्रॉडवे नाट्यगृहे आहेत. नटांनी १९१३ मध्ये ‘अ‍ॅक्टर्स इक्विटी’ ही संघटना काढली आणि १९१९ मध्ये महिनाभर संप करून ती मान्य करून घेतली.

१९२० चे दशक भरभराटीचे होते. १९२१ मध्ये कृष्णवर्णीय कलावंतांनी लिहिलेले आणि सादर केलेले ‘शफल अलाँग’ गाजले. १९२७ च्या ‘शो बोट’ने गाणे कथेत गुंफले. मग बोलपट आणि मंदी एकापाठोपाठ आली, आणि कित्येक नाट्यगृहांत सिनेमे लागले. १९४३ च्या ‘ओक्लाहोमा!’ने नवी घडी बसवली: गाणे, संवाद आणि नाच एकाच कथेचे धागे. त्याचे २,२१२ प्रयोग झाले. त्याचे शब्द लिहिणारा ऑस्कर हॅमरस्टाइन हा दिवाळे निघालेल्या त्याच ऑस्करचा नातू.

१९७० च्या दशकात ४२ वा रस्ता अश्लील सिनेमांचा आणि गुन्हेगारीचा झाला. १९७३ मध्ये टीकेटीएस ही खिडकी उघडली: त्याच दिवशीची न खपलेली तिकिटे कमी दरात. ती आजही आहे, आणि तिच्या छतावरच्या लाल पायऱ्यांवर बसून लोक चौक बघतात. १९८२ मध्ये एका हॉटेलसाठी पाच जुनी नाट्यगृहे पाडली गेली. त्यानंतरच्या संतापातून उरलेल्यांपैकी बहुतेकांना वारसा वास्तूचे संरक्षण मिळाले. त्या हॉटेलच्या पोटात मात्र एक नवे नाट्यगृह निघाले. १९९७ मध्ये डिस्नेने डागडुजी करून न्यू अ‍ॅमस्टरडॅम हे जुने नाट्यगृह उघडले, आणि ४२ व्या रस्त्यावर मुलाबाळांसह लोक परतले.

धंद्याचे गणित साधे आहे, ते पेलणे कठीण. आठवड्याला आठ प्रयोग. बहुतेकांची सुट्टी सोमवारी. सरकारी आधार जवळजवळ नाही, बहुतेक निर्मिती खाजगी पैशावर, आणि बऱ्याच निर्मिती भांडवलही परत मिळवत नाहीत. सलग काही आठवडे गल्ला ठरावीक रकमेखाली गेला की नाट्यगृहाचा मालक खेळ बाहेर काढू शकतो. म्हणून एकीकडे आठवड्याभरात गुंडाळलेले खेळ आणि दुसरीकडे ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’: मॅजेस्टिक नाट्यगृहात जानेवारी १९८८ ते एप्रिल २०२३, एकूण १३,९८१ प्रयोग. इतक्या प्रयोगांत मूळ नट कायम राहत नाही. आत शिरताना हातात फुकट मिळणाऱ्या ‘प्लेबिल’ या माहितीपुस्तिकेतून कधी कागदाची एक चिठ्ठी घरंगळते: आज अमुक भूमिका अमुक करेल. हा अनेकदा ‘स्विंग’ असतो, म्हणजे समूहातल्या अनेक भूमिका पाठ असलेला बदली कलाकार. दुपारपर्यंत त्यालाही ठाऊक नसते की रात्री तो कोण असेल.

प्रयोग संपला, प्रेक्षक गल्लीत सांडले की रिकाम्या रंगमंचावर एका दांडीवर उघडा दिवा लावून ठेवतात. त्याला ‘घोस्ट लाइट’ म्हणतात. अंधारात कुणी वादकांच्या खड्ड्यात पडू नये हे त्याचे कारण. भुतांसाठी ठेवतो, असेही काही जण गंभीर चेहऱ्याने सांगतात. १२ मार्च २०२० ला साथीमुळे सगळी नाट्यगृहे बंद झाली, तेव्हा हे दिवे रिकाम्या खुर्च्यांसमोर वर्षाहून अधिक काळ जळत होते.