वाळूवरचा वाद, आगगाडीतली ओळख : मुंबईत मित्राला ख्रिस्ताविषयी सांगण्याची पार्श्वभूमी

मुंबईतल्या मराठी ख्रिस्ती माणसाचे बहुतेक मित्र ख्रिस्ती नसतात. शाळेत, चाळीत, ऑफिसात, लोकलच्या ग्रुपमध्ये आपण एकटेच असतो, फार तर आणखी एखादा. नाताळात आपल्याकडचा केक आणि करंज्या सगळ्यांकडे जातात, दिवाळीचा फराळ सगळ्यांकडून येतो. पण बोलता बोलता येशूचं नाव निघालं की समोरचा हसतो आणि म्हणतो, "चल, चहा घेऊ." आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, अशा मित्राबद्दल 'त्याला रस नाही' असं म्हणून टाकतात. मला ते पटत नाही. त्या हसण्यात कंटाळा कमी असतो आणि सावधपणा जास्त. हा सावधपणा काही त्याने एकट्याने ठरवलेला नाही, तो त्याला घरातून मिळालेला आहे. कुठून मिळाला, ते आपण समजून घ्यायला हवं.

सगळ्यांत जुना थर वसईचा. १५३४ मध्ये वसई आणि मुंबईची बेटं पोर्तुगिजांकडे गेली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तोपर्यंत या पट्ट्यात धर्म आणि सत्ता एकाच घरात नांदत होत्या. 'विहिरीत पाव टाकला आणि अख्खं गाव बाटलं' ही गोष्ट मराठी घरांत पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. धाक किती खोल होता ते या गोष्टीत दिसतं. मनाने काही ठरवलेलं नाही, कुणाचं काही पटलेलं नाही, नुसत्या पाण्याच्या एका घोटाने माणूस आपल्या माणसांना पारखा होतो. 'बाटणं' या शब्दात विश्वासाला जागाच नाही, आहे तो फक्त विटाळ. त्याच काळात तिकडे गोव्यात फादर स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट, म्हणजे कॅथलिक संघातला धर्मगुरू, मराठीच्या प्रेमात पडून ओव्या रचत होता आणि १६१६ मध्ये राचोलला त्याचं क्रिस्तपुराण छापलं गेलं. 'जैसी हरळांमाजि रत्नकिळा' ही ओवी आपण अभिमानाने म्हणतो. पण लोकांच्या आठवणीत ओवीपेक्षा पाव जास्त टिकला.

इंग्रजी अमलातली सुरुवात वेगळी होती. १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले, तेव्हा कंपनी सरकारला ते नकोच होते. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांनी सांभाळून घेतलं म्हणून ते राहू शकले. पुढे त्यांच्या मिशनने मराठी शिकून शाळा काढल्या, १८२४ मध्ये मुलींची शाळा सुरू केली, छापखाना घातला आणि १८२६ मध्ये बायबलमधला नवा करार मराठीत छापला. त्याच वर्षी हॉल नाशिककडच्या प्रवासात पटकीने गेले. इतकी वर्षं राबूनही बाप्तिस्मा घेणारे अगदी मोजके होते. छापखान्याचा उपयोग मात्र सगळ्यांनाच झाला. तिथली छपाई बघून गणपत कृष्णाजींनी स्वतःचा छापखाना उभारला. निर्णयसागरचे जावजी दादाजी मुलगा असताना याच छापखान्यात कामाला होते. घराघरांत पोहोचलेल्या कितीतरी पोथ्यांमागे मिशनच्या छापखान्यात शिकलेले हात होते, याचा मला आनंदच वाटतो.

स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये आले आणि मुंबईत जाहीर वादांचा काळ सुरू झाला. पंडित आणि मिशनरी समोरासमोर बसत, दोन्हीकडून पुस्तकं निघत. १८३१ मध्ये मोरभट दांडेकरांनी 'श्रीहिंदुधर्मस्थापना' लिहिलं, त्याला विल्सनसाहेबांनी लगेच उत्तर छापलं. तोवर शहराला हे चालत होतं. ते चालेनासं झालं १८३९ मध्ये. विल्सन यांच्या शाळेतल्या धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला आणि प्रकरण मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टात गेलं. धनजीभाईंना आपला निर्णय घ्यायचा अधिकार आहे, असं कोर्टाने ठरवलं. पण पारशी आईबापांनी मुलं शाळेतून काढली, त्यांच्या मागोमाग इतरांनीही काढली आणि वर्ग ओस पडले.

चार वर्षांनी, १८४३ मध्ये, ब्राह्मणांच्या घरात तेच झालं. नारायण शेषाद्रींनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा लहान भाऊ श्रीपत, अजून अल्पवयीन, भावामागोमाग मिशनऱ्यांकडे राहायला गेला. वडील कोर्टात गेले. कोर्टाने मुलगा वडिलांच्या हवाली केला, पण घर त्याला परत मिळालं नाही. ख्रिस्त्यांबरोबर जेवलेल्या मुलाला जात परत घेईना. दर्पणकार बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला प्रायश्चित्त देऊन परत घेण्याची बाजू लावून धरली आणि त्यासाठी सनातन्यांचा रोष अंगावर घेतला. नारायण शेषाद्रींनी पुढे जालन्याजवळ बेथेल वसवलं, आमच्या मंडळीत त्यांचं नाव आजही आदराने घेतात. पण मी त्या वडिलांचा विचार करतो तेव्हा घशाशी काहीतरी येतं. एक मुलगा गेला, दुसरा कोर्टातून मिळाला तरी पंगतीत बसवता येईना. मराठी मध्यमवर्गाच्या मनात 'मिशनची शाळा चांगली, पण पोरावर लक्ष ठेव' हे बसलं ते या वर्षांत. तुमचा मित्र येशूचं नाव ऐकून चहाचा विषय काढतो, तेव्हा त्याच्या मागे हे वडील उभे असतात. त्यांचं नावही त्याला ठाऊक नसतं.

वाद मात्र थांबले नाहीत. १८५७ च्या पहिल्या काही महिन्यांत बॅकबेच्या वाळूत विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्या चर्चा रंगल्या. विष्णुबुवा कुलाबा जिल्ह्यातल्या शिरवलीचे. त्यांची वेदांवरची आणि मिशनऱ्यांवरची व्याख्यानं ऐकायला गर्दी लोटायची. समुद्रकिनाऱ्यावर, उघड्यावर, प्रश्न आणि प्रतिप्रश्न. या चर्चांचा वृत्तान्त जॉर्ज बोवेन या मिशनऱ्याने छापून काढला. दोन्हीकडे बुद्धी होती, तळमळही होती. पण चारचौघांत एकदा बाजू घेतली की माणसाला ती सोडता येत नाही. मागे ऐकणारे उभे असतात, त्यांच्यासमोर 'हे मला पटलं' म्हणणं म्हणजे हार.

बोवेन यांच्याविषयी थोडं जास्त सांगायला हवं. १८४८ मध्ये ते मुंबईत आले. मिशनचा पगार त्यांनी सोडला, गरीब वस्तीत एका साध्या खोलीत राहिले, रोज रस्त्यावर उभं राहून मराठीत बोलले आणि 'बॉम्बे गार्डियन' हे पत्र चालवलं. १८८८ मध्ये इथेच वारले. चाळीस वर्षांत त्यांच्या बोलण्याने ख्रिस्ती झालेले लोक फारच थोडे. तरी शहराने या माणसाला साधू मानलं. त्यांच्या नावाचं चर्च आजही अपोलो बंदराजवळ आहे. आकड्यांत मोजायचं तर त्यांचं आयुष्य फुकट गेलं म्हणावं लागेल, आणि तसं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

वाळूवर वाद चालू असताना बंद दारांआड वेगळंच काही घडत होतं. १८४९ च्या सुमारास स्थापन झालेल्या परमहंस सभेत शिरताना ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. विहिरीतला तोच पाव इथे जातिभेद मोडण्याची खूण झाला होता. पण गुपचूप. १८६० मध्ये सभासदांची यादी बाहेर फुटली आणि सभा मोडली. याच सभेत बसणारे बाबा पदमनजी वर्षानुवर्षं वाचत, घुटमळत, मागेपुढे होत राहिले आणि १८५४ मध्ये बेळगावला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या 'अरुणोदय' या आत्मचरित्रात एकाही भाषणाने चमत्कार झालेला नाही. पुस्तकं आहेत, शिक्षक आहेत, आणि पुष्कळ वाट पाहणं आहे.

पंडिता रमाबाईंचं शारदा सदन ११ मार्च १८८९ ला चौपाटीजवळ सुरू झालं. रमाबाई स्वतः ख्रिस्ती, मुली मात्र हिंदू विधवा. ज्याने त्याने आपापला धर्म पाळावा हे ठरलेलं. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत तेव्हा दार उघडं असे. काही मुली येऊन बसू लागल्या, आणि १८९३ मध्ये, सदन पुण्याला गेल्यावर, यावरून वादळ उठलं. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, बऱ्याच मुली पालकांनी काढून नेल्या. उघडं दार म्हणजे आमिष की प्रामाणिकपणा, हा प्रश्न आजही सुटलेला नाही. मला स्वतःला वाटतं, रमाबाईंनी दार लावून घेतलं असतं तर ते जास्त फसवं झालं असतं. सदनात अगदी सुरुवातीला आलेल्या गोदूबाई जोशी या बालविधवा मुलीने पुढे धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. ती रमाबाईंच्या सहवासात वाढली, ख्रिस्ती मात्र झाली नाही. रमाबाईंच्या कामाचं मोल त्याने कणभरही कमी होत नाही.

आणि मग रेव्हरंड टिळक. शाळेत सगळे त्यांना 'फुलामुलांचे कवी' म्हणून ओळखतात. ते रेव्हरंड कसे झाले हे फारसं कुणी विचारत नाही. १८९३ मध्ये नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक गोरा गृहस्थ भेटला. त्याने सरकून जागा दिली. बोलणं सुरू झालं ते संस्कृत काव्यावरून, मग धर्मावर आलं. उतरताना त्याने नवा करार हातात ठेवला आणि 'हा वाचा' एवढी विनंती केली. तो कोण होता हे टिळकांना कधीच कळलं नाही. आधी जागा, मग कविता, मग पुस्तक, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. टिळकांनी शब्द दिला म्हणून वाचायला घेतलं आणि येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. म्हणूनच त्यांनी ख्रिस्ताला अभंगात आणलं, कीर्तनात आणलं.

पण घरात काय झालं? लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. पुढे एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंचं सोवळं, स्वयंपाक, पाणी वेगळंच होतं. रस्त्यावर शेकडोंना सांगणारा हा माणूस बायकोचं वेगळं पाणी मान्य करून राहिला. लक्ष्मीबाईंचा जातीवरचा विश्वास त्यांच्याच विचारांनी गळून पडला, आणि १९०० मध्ये त्यांनी आपणहून बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे'त त्यांनी हे सगळं राग, हसू, रडू काहीही न लपवता लिहिलंय. मित्राला किंवा घरच्या माणसाला विश्वासाविषयी कसं सांगावं यावर मराठीत याहून खरं काही मी वाचलेलं नाही.

हे सगळं मला तरुणपणी माहीत असतं तर बरं झालं असतं. माझे आजोबा नगर जिल्ह्यातून गिरणीत कामाला आले. आमचं घर भायखळ्याचं, माझा जिवलग मित्र लालबागचा. त्याची आई इस्पितळात होती तेव्हा मी भेटायला गेलो आणि निघताना तिच्या उशाशी एक पत्रक ठेवलं. 'प्रभू बरे करतो' असं त्यावर लाल अक्षरांत होतं. मित्र माझ्यामागे जिन्यापर्यंत आला, घडी घालून पत्रक माझ्या खिशात ठेवलं आणि म्हणाला, "आत्ता नको रे हे." पुढची दोन वर्षं तो माझ्याशी नीट बोलला नाही. माझ्या मनात आमिष नव्हतं. पण आजारी आईच्या उशाशी ठेवलेला कागद त्याला विहिरीतल्या पावासारखाच दिसला असणार, हे मला फार उशिरा कळलं.

देशाने हा प्रश्न आपल्या परीने सोडवला. संविधान सभेत ६ डिसेंबर १९४८ ला 'प्रसार' या शब्दावर बरीच चर्चा झाली आणि तो शब्द राहिला, आजचं कलम २५ ते. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा तो हक्क नव्हे. डिसेंबर १९६४ मध्ये पोप सहावे पॉल मुंबईला आले, तेव्हा इतर धर्मांच्या प्रतिनिधींसमोर त्यांनी 'असतो मा सद्गमय' ही उपनिषदातली प्रार्थना उद्धृत केली. पुढच्याच वर्षी कॅथलिक चर्चच्या व्हॅटिकन परिषदेने विश्वासाच्या बाबतीत कुणावरही जबरदस्ती होता कामा नये, असं लेखी जाहीर केलं. वसईच्या कोटापासून तिथवर यायला चार शतकं लागली.

माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून बुधवारची नोव्हेना, म्हणजे सलग नऊ बुधवारांची प्रार्थना, चालते. रांगेत मंगळसूत्र घातलेल्या बायका, मेणाची छोटी घरं आणि बाळं हातात धरलेली माणसं असतात. त्यांना कुणी बोलावलेलं नसतं. आम्ही प्रोटेस्टंट या नवसांकडे जरा दुरूनच बघतो. तरी मला त्या रांगेतून शिकायला मिळालं, की ज्याला 'रस नाही' म्हणतात तो माणूस आपली वेळ आली की स्वतःच्या पायांनी येतो. बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात तिसऱ्या अध्यायात सांगितलंय ते विचारणाऱ्याला उत्तर द्यायला. तेही सौम्यतेने आणि भीडस्तपणाने.

लालबागचा मित्र आता निवृत्त झालाय. आई गेली तेव्हा मी तेरा दिवस त्याच्याकडे जात होतो, काही न बोलता. गेल्या पावसाळ्यात त्याने विचारलं, "तुझ्या आजोबांनी का रे घेतला बाप्तिस्मा? सक्ती होती का?" मी म्हटलं, नव्हती. गावच्या पाणवठ्यावर त्यांना पाणी घेऊ देत नसत आणि मिशनच्या विहिरीवर देत. पण ते एवढ्यासाठीच ख्रिस्ती झाले असं म्हणालास तर त्यांचा अपमान होईल, कारण मरेपर्यंत ते पहाटे उठून गुडघ्यांवर प्रार्थना करत. तो बराच वेळ गप्प होता. मग येशूबद्दल दोन प्रश्न विचारले. एकाचं उत्तर मला देता आलं. पुन्हा त्याने तो विषय काढलेला नाही, मीही नाही. रोज रात्री मी त्याचं नाव घेऊन प्रार्थना करतो. त्याला ते माहीत आहे, मीच सांगितलंय.