चोरून जडलेला जीव

कोकणातल्या वाडीत कुणाच्या दाराशी कुणाची मोटरसायकल लागली, हे समोरच्या पडवीतून दिसतं. एक जण मुंबईला चाकरमानी, दुसरं गावात, अशी घरं रत्नागिरी-सिंधुदुर्गात पिढ्यान् पिढ्या आहेत. दोघांपैकी कुणाचंही बाहेर जुळलं, तरी पहिल्या दिवसापासून लपवणं आलं. त्या लपवण्यानेच ओढ वाढत जाते.

अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर आणि सहकाऱ्यांनी 1994 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. अनोळखी स्त्री-पुरुषांना पत्ते खेळायला बसवलं आणि टेबलाखाली पायाला पाय लावून ठेवायला सांगितलं. ज्यांना हे समोरच्या जोडीपासून लपवायचं होतं, त्यांना एकमेकांचं आकर्षण जास्त वाटलं. लपवायचं म्हणजे सतत भान ठेवायचं, आणि ज्याचं सतत भान तेच मनात घोळतं.

त्यात भर पडते अनिश्चिततेची. माकडांवरच्या 2003 च्या एका संशोधनात, फळांचा रस मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी असताना वाट पाहण्याच्या काळात मेंदूतल्या डोपामिन पेशी (बक्षिसाच्या अपेक्षेशी जोडलेल्या) सर्वाधिक सक्रिय दिसल्या. नवरा गणपतीला गावी आला की मेसेज बंद, तो परतला की पुन्हा सुरू. पलीकडचा माणूस या अर्धवट आशेवर जगायला लागतो. ‘ऑनलाइन होतीस, मग उत्तर का नाही दिलंस?’ इथून पाळत सुरू होते. फोन तपासला की जिवाला घटकाभर बरं वाटतं, म्हणून पुन्हा तपासायचा. या चक्राला लोक प्रेमाची खोली समजतात. माझ्या मते ही समजूत अत्यंत घातक आहे.

मानववंशशास्त्रज्ञ हेलन फिशर यांच्या गटाने 2010 मध्ये नकार मिळालेल्या 15 प्रेमिकांच्या मेंदूचं चित्रण केलं. त्या व्यक्तीचा फोटो पाहताना, कोकेनच्या तलफेशी संबंधित भागही त्यांच्या मेंदूत जागे झाले. पण म्हणून नकारानंतर दिलेली धमकी माफ होत नाही. नकार पचवणारी असंख्य माणसं याच मेंदूची असतात.

जोडीदाराकडून होणाऱ्या हिंसेत, नातं तोडण्याचा काळ विशेष धोक्याचा असतो. ‘शेवटचं एकदा भेट’ म्हणून खाडीवर किंवा सड्यावर एकटीने जाऊ नये. पण मदत मागायची तर गुपित फुटतं, आणि छळणाऱ्याला नेमकी हीच भीती उपयोगी पडते. ‘पोलिसांत गेले तर मीच अडकेन’ असं अनेकींना वाटतं. सर्वोच्च न्यायालयाने 27 सप्टेंबर 2018 रोजी व्यभिचाराला गुन्हा ठरवणारं भारतीय दंड संहितेचं कलम 497 रद्द केलं (बाईला त्याखाली आधीही शिक्षा नव्हतीच). विवाहबाह्य संबंध घटस्फोटाचं कारण ठरू शकतो, गुन्हा नाही. उलट बाईने नकार दिल्यावरही तिचा पाठलाग करणं, तिच्या इंटरनेट-मेसेजवर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या (दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम 78 खाली पुरुषाचा गुन्हा आहे. पहिल्या वेळीच तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जिवाला धोका वाटला तर आपत्कालीन क्रमांक 112, आणि आधी नुसतं कुणाशी बोलायचं असेल तर महिला हेल्पलाइन 181.